वाटणी

शाळेतून चिठ्ठी आली: घरी पिझ्झा कापा,
मुलांना अपूर्णांक दाखवा.
स्विंडनमध्ये, बुधवारी, अंधार पडल्यावर
माझ्याकडे होती भाजणी,
आईने बांधून दिलेली, डब्याच्या तळाशी उरलेली.

थापलं. बोटाने मधोमध भोक पाडलं, तेल सोडलं.
रुंजी स्टुलावर उभी, हातात बोथट सुरी.
"हे अर्धं. अर्ध्याचं अर्धं, पाव."
"पाव म्हणजे ब्रेड ना?"
तोही.
"आणि पाऊण?"
पाव तू खाल्लंस की उरेल ते.
तिने लगेच खाऊन बघितलं.
मग सव्वा, दीड, अडीच.
दीड म्हणायला मिसेस प्रिचर्डना चार शब्द लागतात,
आपल्याला एकच,
याचं तिला कोण कौतुक.

"पण भोक कोणाच्या वाट्याला?"
तुकडे तिने ताटलीच्या कडेला सरकवले.
भोक कुठेच नव्हतं.
प्रत्येक तुकड्याचं टोक तेवढं
उंदराने कुरतडल्यासारखं.

दुसरं होईपर्यंत ती बोटं मोजत राहिली.
दिवस सात. माणसं दोन, मी आणि बाबा.
"साडेतीन," मी म्हणाले,
आणि साडेतीन मुहूर्तांचं काहीबाही सांगू लागले,
किती शुभ असतो म्हणून हा आकडा,
तव्याकडे बघत.
"तीन इथे," ती म्हणाली. "तीन रेडिंगला.
अर्धा गाडीत."

चिठ्ठीत खाली लिहिलं होतं, फोटो पाठवा.
पाठवला.
ताटलीत गार झालेलं पाऊण थालीपीठ,
कोपऱ्यात तिचा तेलकट अंगठा.