आधी धुराडं

लकडगंजात, आरा मशीनच्या कर्कशात,
मी तीन चुली पाहून ठेवल्या होत्या.
एक पत्र्याची, टिचकी मारली की टण्णकन बोलणारी.
एक बिडाची, दोन तोंडांची, बुटकी.
आणि तिसरी, भली काळीभोर,
चाळीस माणसांचा रस्सा एका दमात उकळणारी.
सावजीच्या ऑर्डरी वाढल्या होत्या, लग्नसराई तोंडावर.
मन तिसरीवरच बसलं होतं.

कवडू मिस्त्री टिमकीत आला,
सायकल भिंतीला टेकवली, पाणी नको म्हणाला.
"चूल मंग पाहू, बाई. आधी धुराडं दाखवा."

खिशातून सुतळी काढून त्यानं नळीचा घेर घेतला,
वळणं मोजली: दोन.
शिडी लावून कौलांवर चढला,
शेजारच्या गच्चीवरची नवी टाकी पाहिली
आणि तिथूनच ओरडला,
"तीन फूट वाढवा लागते! हवा अडून राहिली!"
उतरल्यावर हात पुसत म्हणाला,
"ते मोठी चूल विसरा.
म्हशीचं तोंड अन् बकरीचा गळा. कसं जमन?"

मग नारळाची शेंडी पेटवून
धुराड्याच्या तोंडाशी धरली.
धूर निघाला. वर पाहिलं त्यानं,
घुटमळला,
आणि सरळ माझ्या डोळ्यांत आला.

"घर श्वासच नाही घेऊन राहिलं.
वरून जायचं तं खालून यावं लागते ना जी काही.
हे खिडकी काहून बंद आहे?"

काय सांगू त्याला.
खिडकीपलीकडे हातभर बोळ, बोळापलीकडे दीर.
अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली,
पाटा त्यांच्याकडे गेला, वरवंटा माझ्याकडे राहिला,
आणि त्याच दिवशी यांनी कडीवर खिळा ठोकला.
हे गेले. खिळा आहे.

"गंजली आहे," मी म्हणाले.

त्यानं खोबरेल मागितलं, हातोडी काढली.
चौथ्या ठोक्याला खिडकी किंचाळली.
जुनी जाळी, मेलेली पाल, उजेडाची एक पट्टी,
आणि शेंडीचा धूर
कुणी हाक मारल्यासारखा
वर, वर, नळीत.

बिडाची बुटकी घेतली मी.
दोन हप्त्यांत पैसे, लाकूड बाभळीचं,
उन्हाळाभर वाळलेलंच.
"ओलं जाळाल तं नळीत डांबर धरन,
अन् मले शिव्या द्याल."

पहिल्या दिवशी जाळ नीट लागला, रस्सा तांबडा आला.
आणि बोळातून वास:
खसखस, दगडफूल, भाजलेलं खोबरं.
पुष्पकलाचं खोबरं अजून करपतं.
कढई उतरवायला ती नेहमीच एक फेर उशीर करते.

खिडकी मी चार बोटं उघडी ठेवते.
मिस्त्रीनं तेवढीच सांगितली आहे.
काल पाच झाली असतील.