थांबणे

ब्यूट, मोंटाना. मे संपत आला आणि काल पुन्हा बर्फ पडलं.
पार्क स्ट्रीटवर बुटांचं एक बंद पडलेलं दुकान,
तेच आमचं प्रचार कार्यालय. आरसे काढलेच नाहीत कुणी.
सगळे गुडघ्यापर्यंतचे.
दिवसभर आम्ही एकमेकांचे नुसते पाय बघतो:
कोण आत आलं, कोण निघालं.

मार्गो टिलरी तीनशे बारा प्रतिनिधींनी मागे आहे.
हिशेब माझ्याकडे,
कारण तीस वर्षं मी दगडांचा हिशेब केलाय:
टनभर खडकात तांबं किती,
आणि कितीच्या खाली गेलं की खणणं सोडायचं.
रेडीच्या खाणीवरून बाबा लाल होऊन घरी यायचे,
पाय धुता धुता सांगायचे,
ढिगाला भुलू नकोस इंदू, कस बघ.

कस बघितला. लागत नाही.
राहिलेल्या तीन राज्यांतलं सगळंच्या सगळं तिच्या पदरात टाकलं
तरी एकवीस कमी.

वॉशिंग्टनहून रोज एक फोन येतो, लोणी लावलेल्या आवाजाचा.
पक्षाचा विचार करा, म्हणतो. नोव्हेंबरचा करा.
तुम्ही एकमेकांवर फेकलेला एकेक धोंडा
समोरचे वेचून ठेवताहेत.
खरं बोलतो मेला. त्याचाच राग येतो.
वर्तमानपत्रं तिच्याबद्दल हट्ट लिहितात.
चार वर्षांपूर्वी असाच मागे पडलेला एक गृहस्थ होता,
त्याच्या वेळी शब्द होता जिद्द.
दोन्ही कात्रणं माझ्या खणात आहेत.

ट्रेवेना तेवीस वर्षांचा. दोन पगार थकलेत त्याचे.
पेस्टीचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवत विचारतो,
तिनं काय करावं, तुला काय वाटतं?
मी मनात म्हणते, थांबावं,
आणि अडते.
गाडी थांबते म्हणजे पुढे जात नाही.
माणूस कुणासाठी थांबतो म्हणजे सोडून जात नाही.
एवढी वर्षं ही भाषा बोलले
आणि तिच्यात मी कुणाच्या बाजूची
ते माझं मलाच कळेना.

दुपारी आरशात पुरुषाचे जाडजूड बूट.
वर बघितलं तर मिलेना वुकोविच, वय शहाऐंशी.
नवऱ्याचे बूट, पुढे कागद कोंबलेले. तो खाणीत होता.
म्हणाली, आमचं राज्य दरवेळी शेवटी.
आमच्यापर्यंत येता येता सगळं ठरलेलं असतं,
मग मी मत देते म्हणजे काय करते?
या खेपेला जरा धरा म्हणावं तिला.
मंगळवारपर्यंत.

मला पंगत आठवली. शेवटच्या पंगतीला
जिलेबी संपलेली, वरणात पाणी वाढलेलं,
हे बसणाऱ्यालाही ठाऊक असतं.
म्हणून काही तो बसायच्या आधी
कुणी पानं उचलत नाही.

आणि तरीही ट्रेवेनाचं भाडं थकलंय.

गावाच्या उशाशी ती खाण आहे.
तांब्याचा भाव पडला, कंपनीनं कागद घेऊन हिशेब केला,
मी केला असता तसाच,
आणि तळाचे पंप बंद केले.
पाणी चढत गेलं, वर्षानुवर्षं, आंबट, गंजलेलं.
त्यावर उतरलेले पक्षी पुन्हा उडाले नाहीत.
हिशेबात कुठेही चूक नव्हती, मी तपासलाय.

रात्री बिलिंग्जहून टिलरीचाच फोन. घसा बसलेला.
आकडा सांग, इंदू. गोड करून नको.
एकवीस, मी म्हटलं. सगळं मिळालं तर.
पलीकडे कुणीतरी दार लावलं.
मग तिनं विचारलं, मंगळवारी केंद्रं किती वाजता उघडतात?
सातला.
बरं, म्हणाली, आणि ठेवला.

बरं म्हणजे काय, ट्रेवेना विचारत होता.
मी त्याच्या हातात फावडं दिलं.
पायरीवरचं बर्फ रात्रीत दगड होईल,
आणि सकाळी ती म्हातारी येणार आहे,
दोन मापं मोठ्या बुटांत.