दोन्हीकडे धरतात का

गुरुवारी दोनला खिडकी बंद होते.
साडेबारापर्यंत तीन अर्ज आले होते.
सोहारच्या आमच्या कॉलेजातल्या मुलांना
पदवी हाती यायच्या आधीच
मस्कतच्या विद्यापीठात एम.एस.चे विषय घेता येतात,
असा करार झालाय मागच्या वर्षी.
करार मी वाचलेला नाही, झेरॉक्स काढल्यात.
शिक्का माझ्याकडे असतो,
आणि प्रश्नांची उत्तरं.

प्रश्न तसा एकच.
हमूद विचारतो, इनियन विचारतो,
फोनवर कुणाचे तरी वडील विचारतात:
मॅडम, हे क्रेडिट दोन्हीकडे धरतात का?
इथल्या पदवीतही, तिथल्या एम.एस.मध्येही?
सहा धरतात, मी सांगते. सहाच.
वरचं जे काही घ्याल
ते कुठल्या तरी एकाच बाजूला.
नियम सात, पोटकलम ब.

कारण लिहायला अर्जावर चार ओळी दिल्यात.
हमूदने लिहिलंय, वेळ वाचेल.
इनियन चार ओळी संपवून बाण काढून
मागच्या पानावर गेलाय,
तिथेही 'भविष्य' पाच वेळा.
तिसरा अर्ज जुवेरिया सरखोतचा:
'माझे वडील एकोणीस वर्षं
बंदरापलीकडच्या प्लांटवर समुद्राचं पाणी गोडं करतात.
पडद्याच्या अलीकडेच मीठ कसं राहतं, मी विचारलं.
ते म्हणाले, राहतं.
मला त्याची समीकरणं हवीत.
आमच्या चौथ्या वर्षाच्या पुस्तकात ती नाहीत.'

हे मी वाचायचं नसतं.
सल्लागारांची सही आहे का, एवढंच बघायचं.
नव्हती.

डॉक्टर बुशरा निझवाला, भावाच्या लग्नात.
मुलगी खिडकीशी उभी, इंग्रजीत समजावतेय:
पुढच्या सत्राला उशीर होईल, नियमात सवलत असेल तर...
आणि 'अब्बा' शब्दापाशी
तिचं इंग्रजी संपलं.
दापोलीकडचं मराठी, हेल काढत:
अब्बांचा व्हिसा मार्चपर्यंतच हाय, मॅडम.
कंपनी वाढवील, नायतर नाय.

मी खुर्ची मागे सरकवली.

कराडला माझी एम.एस्सी. भाग एक झाली होती, वनस्पतीशास्त्र.
भाग दोनचं शुल्क भरायच्या आठवड्यात विमान होतं.
ती मार्कलिस्ट अजून कपाटात आहे,
आमच्या पासपोर्टांच्या खाली, चपटी होऊन,
वाळवायला ठेवलेल्या पानासारखी.
बावीस वर्षं.
गावी म्हणतात, तुम्ही काय, तिकडचे.
इथल्या कार्डावर रहिवासी लिहिलंय,
दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने.
पोटकलम ब मध्ये याचं काही नाही.
मी शोधलं असतं तरी नसतं.

डॉक्टर बुशरांना फोन लावला.
पलीकडे ढोल, बायकांचा कल्ला,
कुणीतरी तांदूळ संपल्याचं ओरडत होतं.
जुवेरिया? त्या म्हणाल्या,
तिला मीच सांगितलं होतं अर्ज कर म्हणून!
पाठव, बोटाने करते सही.
एक बावन्नला सही आली.
पडद्यावरून मुंगी गेल्यासारखी,
पण त्यांचीच.
शाई सुकलेली, म्हणून पहिला शिक्का
नुसता अर्धा गोल उमटला.
त्याच्यावरच दुसरा मारला.
आता तिच्या अर्जावर दीड शिक्का आहे.
मस्कतवाले बघतील काय ते.

अर्ज आत घेतला, काच ओढायला हात लावला,
तर ती तिथेच.
मला वाटलं, आता विचारेल, दोन्हीकडे धरतात का.
तिने विचारलं:
तिथली लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत
उघडी असते?

माहीत नव्हतं.
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.
काच तशीच अर्धी ठेवून मस्कतला फोन केला.
नऊ मिनिटं वाट बघायला लावली त्यांनी.
घड्याळात दोन वाजून गेले होते.

अकरापर्यंत, मी तिला सांगितलं.
शुक्रवारी सोडून.

ती गेल्यावर
कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला
लिहून ठेवलं, अकरा.
कुणी विचारलं तर असावं.