रांग चौदा, खालून तिसरं

विबे, तुझं यंत्र आज बंद केलं.
पहाटे चार दहाला. ईम्सहावेनचा वारा नेहमीचाच,
बंधाऱ्यावरच्या मेंढ्या समुद्राकडे पाठ करून.

रांग चौदा, खालून तिसरं.
'हात लावू नये' अशी तू लावलेली चिकटपट्टी,
शाई उडून नुसतं 'हात' उरलेलं.

तीन हजार चारशे बारा दिवस.
एवढ्यात माझी मुलगी पोहायला शिकली,
गॅसच्या उपशानं जमीन अकरा वेळा हलली,
स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला.
ते मात्र चालूच.

परवा वाढदिवसाला, गोल मांडलेल्या खुर्च्यांत,
केकच्या ताटलीमागून दिरानं विचारलं :
एवढी मोठी दुकानं चालतात तरी कशावर?
म्हटलं, बहुतेक लिनक्सवर.
म्हणजे फुकटच्या?
मी कॉफी ढवळली.
कसं सांगू, की कुणीतरी कुठेतरी रात्री दोनला
एका अर्धविरामासाठी
अनोळखी माणसाशी भांडलेलं असतं,
आणि त्या भांडणाचा पगार दोघांनाही नसतो.

सोलारिस गेलं तेव्हा तू टोपी काढली होतीस.
हिशेबखात्याची विंडोज आहे अजून,
अपडेट मागते हटकून जेवणाच्या वेळी.
बाकी साडेअकरा हजार खोकी लिनक्सची,
एक मेलं की दुसरं, बारसं न करता.
आणि मध्ये तुझं हे एकटं फ्रीबीएसडी :
टेर्सखेलिंगच्या खोलीचा, क्रीटच्या घराचा,
अर्धवट झोपेत दाबलेल्या 'आरक्षित करा'चा
सगळा पैसा त्यातून जायचा
आणि कुणाला कानोकान खबर नसायची.

योरित म्हणाला, सहा वर्षं त्याला
सुरक्षेचं एक ठिगळ लावायला कुणी धजलं नाही.
हे प्रेम नव्हे, हार्मके, ही भीती.
मी वाद घातला नाही.

आधी शंभरातली एक मागणी नव्याकडे वळवली,
मग दहा. मग सगळ्या.
कोपनहेगनच्या कुणा बाईच्या पडद्यावर
गोल चाक क्षणभर जास्त फिरलं असेल.
नसेलही.

मग आज्ञा टाइप केली.
त्यानं विचारलं नाही, नक्की का म्हणून.
तू तसंच शिकवलं होतंस त्याला.
पंखे उतरत गेले. त्या सगळ्या घरघरीतून
नेमकं काय कमी झालं,
कान लावूनही कळलं नाही.

ओढून काढलं तर मागे धूळ,
एक वाळलेली माशी,
आणि तुझ्या अक्षरातला चिठोरा : पासवर्ड.
योरितला दाखवला नाही.
मेंढीचं नाव ठेवतं का कुणी, विबे?

चिकटपट्टी तेवढी सोलून आणली.
स्वयंपाकघरातल्या तड्यावर लावलीये.
रविवारी येशील तेव्हा
त्या बाजूच्या खुर्चीत बसू नकोस.