पेपरावर बेतलेली

तिचं नाव मोझा.
पहिल्या दिवशी प्रॉडक्शनवाला दारातून ओरडला, "मोझा!"
आणि मी पायमोज्यांचा डबा पुढे केला.
ती तिथेच हसत बसली, मशीनच्या पायडलवर पाय टेकून,
मशीन आपसूक दोन टाके पुढे गेलं.

मुहर्रकचा जुना बाजार, हलव्याच्या दुकानामागे
आमची सात फुटी शिंपीगिरी.
आडनाव परकार, धंदा परकर शिवायचा:
दाभोळात लोक हसायचे, इथे कुणाला कळायचंच नाही.
तिला समजावलं, अर्धं हिंदीत, अर्धं कापड दाखवून.
ती म्हणाली, हे मी घेते.
पुढल्या रमजानात तिच्या मालिकेत एक शिंपी आला,
त्याचं नाव अबू तन्नूरा.
तन्नूरा म्हणजे परकर. अख्खी गल्ली मला त्याच नावानं हाक मारू लागली.

ती व्हायची उम्म मिफ्ताह.
थोराड शेजारीण, कमरेला एकोणचाळीस किल्ल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या घरांच्या;
चाळिसावी, स्वतःची, कायम हरवलेली.
मोझा नुसती काडी. कंबर सव्वीस.
साडेतीन किलो कापूस भरायचो मी तिच्यात.
ऑगस्टातलं शूटिंग, आवाज नको म्हणून एसी बंद.
संध्याकाळी ती पोट काढून माझ्या टेबलावर ठेवायची
तेव्हा ते घामानं तिच्याहून जड झालेलं असे.

पेपरांचं म्हणाल तर
मला पेपर लागायचे ते कापायला.
बाही आधी कागदावर बेतायची, मग कापडावर.
ते तिला छापत होते,
मी तिच्याच मापानं त्यांना कापत होतो.
'बाईनं इतकं मोठ्यानं हसावं का?'
ही डावी बाही.
अरबी वाचता येत नव्हतं मला.
हलवेवाला जुमा वाचून दाखवायचा
आणि वाईट मजकूर आला की खोकायचा.

पुढे खोकला कमी झाला.
कुवेतच्या मासिकावर ती रंगीत आली, 'आखाताचं हसू' म्हणून.
गुळगुळीत कागद. त्यावर खडू उठेना, फेकून दिला.
मग लग्नाच्या दोन अफवा
आणि एक घटस्फोट, तोही लग्नाआधी.
मग एका मुलाखतीत ती म्हणाली,
नायकाला जितके दिनार, तितके मलाही द्या.
त्या दिवशी जुमा इतका खोकला
की मी पाणी आणलं.

मालिका आवरली. नायकाची दुसरी सुरू झाली.
काही वर्षांनी चार ओळी: 'मोझा सध्या काय करते?'
सध्या ती दुपारची माझ्याकडे बसून काजं करत होती.
गिऱ्हाईक यायचं, समोर उभं राहायचं, बिल द्यायचं, जायचं.
ओळखणार कसं?
कापूस माझ्या माळ्यावर होता.

गेल्या शाबानात ती गेली.
पेपरानं तिचं वय तीन वर्षं वाढवलं
आणि फोटो टाकला तिच्या धाकट्या बहिणीचं काम करणारीचा.
मग एक पोरगा आला, गळ्यात कॅमेरा.
"जुनं काही आहे का?"
मी दोरी सोडली, गठ्ठा पसरला.
अर्धा मथळा बगलेत,
तारीख कॉलरला,
गळ्याच्या गोलात तोंड कापून गेलेलं.
"हे सगळं फाडलेलं आहे," तो म्हणाला.
"मापाचं आहे," मी म्हणालो.

कशी होती हो ती, खरी?
मी सांगितलं: खांदा साडेतेरा,
कंबर शेवटपर्यंत सव्वीस,
डावा हात उजव्यापेक्षा पाऊण इंच लांब,
म्हणून तिची प्रत्येक डावी बाही वेगळी बेतायची.
त्यानं मान हलवली. लिहिलं नाही.

शुक्रवारी छापून आलं,
'वृद्ध भारतीय शिंप्याला अश्रू अनावर'.
मी रडलो नव्हतो.
आता अरबी येतं मला वाचता,
तरी पेपर घेऊन जुमाकडेच गेलो.
त्यानं चष्मा पुसला, पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं
आणि मध्येच खोकला.
वयाचा असेल.
मी विचारलं नाही.