काढणे

हायनीनं पेटी उघडली. आत निळ्या मखमलीत
वीस किलो, दहा, पाच, मग बोटाच्या पेराएवढी पितळी पिल्लं.
मी पेटी धरायला होतो.
हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही,
घामालाही वजन असतं म्हणे.

सँडोय बेटाच्या धक्क्यावर असा वारा की
रिकामा असूनही थरथरत होता वजनकाटा.
टोरा दारात, कोटाच्या बाहीवर कॉडचे खवले.
काटा तिच्या बापाच्या वेळचा.
पन्नास किलोला चाळीस ग्रॅम कमी दाखवतो,
कायम कमीच.
"म्हणजे तोटा माझा," ती म्हणाली.
"कुणाचा, ते फॉर्म विचारत नाही," हायनी म्हणाला.

फॉर्मवर खाली एकच शब्द: डिसर्टिफाइड.
मी तो सवयीनं मराठीत वळवून पाहिला,
मान्यता काढून घेणे.
काढणे.
आमच्याकडे हे एकटं क्रियापद किती राबतं!
दूध काढतात, झोप काढतात, कर्ज काढतात,
परमुलखात दिवस काढतात,
गेलेल्याची आठवण काढतात.
पोरानं नाव काढलं की बाप ताठ चालतो.
आणि काटा काढतात,
पण तो हा नव्हे.

हायनीनं खिशातून पातं काढलं,
हिरवा स्टिकर खरवडू लागला.
सगळा निघेना. सालाचे शेवटचे दोन आकडे
लोखंडाला धरून बसले.
पाचेक मिनिटं तेवढाच आवाज होता खोलीत,
कर्र, कर्र,
टोरा नखं बघत होती.

उद्यापासून ह्या काट्यावर मासा विकायचा नाही.
बाकी त्याचं काय करायचं
ह्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

बोटीला अजून तास होता. टोरानं कॉफी दिली,
मग आत गेली आणि भावाची पोर घेऊन आली,
अकरा दिवसांची,
ती टॉवेलसकट ठेवली त्याच काट्यावर.
हायनीनं पाठ फिरवली.
खिडकीबाहेर समुद्र होता, तो बघत राहिला.
"तीन किलो आठशे," टोरा म्हणाली, "टॉवेल धरून."
कायद्यानं ते वजन नव्हतं.
सौदा नव्हता, त्यामुळे खोटंही नव्हतं.

बोटीत एकेक पितळी पिल्लू पुसून
हायनी परत मखमलीत निजवत होता.
पाच, दोन, एक.
झाकण लावताना, माझ्याकडे न बघता, म्हणाला,
"किती भरली म्हणाली ती?"