आलो

शिरोलीच्या फाउंड्रीत पहिल्या दिवशी
गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "वाशिम? ते कुठं आलं?"
मी म्हटलं, "लांब."
रजिस्टरात गावाच्या रकान्यात
त्यानं तेच लिहिलं.

कोअर शॉपमध्ये अकराजणी. मी बारावी.
वाळूत तेल कालवायचं, साच्यात ठोकून भरायचं,
साचा उलटा करून, श्वास धरून, उचलायचा
आणि जे मागं उरतं ते
न्हाऊ घातलेल्या लेकरासारखं पत्र्यावर ठेवायचं.
"पंपाच्या पोटात जी रिकामी जागा असती न्हवं,"
हिराक्का पोवार म्हणाली,
"ती आपण करतोय. लोखंड समद्यास्नी दिसतंय.
आपलं काम वतल्यावर झाडून टाकत्यात.
पर ते नसलं तर पंप कसला, निस्ता धोंडा."

माझे पहिले चाळीस कोअर फुटले.
कोणी रागावलं नाही.
कोणी काही बोललंच नाही, ते जास्त लागलं.

आणि ह्या बायका बोलायच्या कशा!
"मी जेवलो." "मी दमलो बया." "मी जातो आता, पावणं यायचं हाईत."
कपाळभर कुंकू, हातभर चुडा, आणि "जातो"!
मी पदरात तोंड घालून हसली.
मग मी एकदा म्हटलं, "थांबा, येऊन राहिली,"
तेव्हा संगव्वा वाळूच्या ढिगावर बसून हसली,
तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.
"येऊन कुठं ऱ्हायलीस गं? कुणाच्या घरात?"
त्या दिवसापासून माझं नाव वाशिम.
खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर.

तापानं चार दिवस गेली नाही.
पाचव्या दिवशी माझी वाळू सारायची पट्टी जागेवर नव्हती.
धस्स झालं.
नूरजहाँ मुल्लाणीनं डब्याच्या पिशवीतून ती काढून दिली,
"रातपाळीवाल्या पळवत्यात. घरी नेत होतो रोज."
पट्टीच्या मुठीवर खिळ्यानं कोरलेलं: वाशिम.
शि पहिली की दुसरी, ह्यावर भांडण झालं असावं,
तिथं बरंच खरवडलेलं होतं.

मग पावसाळ्यात बासष्ट पंप रिजेक्ट झाले.
आत हवा धरलेली, भोकं भोकं.
कोअर नीट भाजला नव्हता. कोणाचा, ते मला माहीत होतं.
घशात वाळू.
नेजकर साहेब दारातच उभा राहिला.
"ही बॅच कुणाची?"
हिराक्कानं मान वर केली नाही.
"आमची."
"आमची म्हणजे कुणाची?"
"आमची म्हंजे आमची."

इतके दिवस तिचं "आपलं" ऐकलं होतं मी.
आपलं काम, आपला चहा, आपली गाडी.
त्यात साहेबही असायचा, कंपनीही असायची,
चहावाल्या पोराचाही त्यात वाटा असायचा.
"आमची" तिनं त्या दिवशी काढला.
दार लावल्यासारखा.
साहेब बाहेर राहिला,
मी आत.

बाराजणींचे प्रत्येकी चाळीस रुपये कापले गेले.
पगाराच्या दिवशी मी हिशोब करून सुटे घेऊन गेली.
हिराक्का म्हणाली, "पैसं दाखवतीस व्हय गं आमाला?"
आणि दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी बोलली, तेही वाळू ओली आहे म्हणून.

काल सुटताना टेम्पो हॉर्न देत होता.
मी नळावर कोपरापर्यंत हात घासत होती,
काळं काही जात नव्हतं.
"ए वाशिम! ये की गं, का मुक्काम करतीस?"
मी ओरडली, "आलो!"

कोणी हसलं नाही.
कोणाच्या लक्षातही आलं नाही.
संगव्वा बोलता बोलता
बाकावर जराशी सरकली.

रात्री फोनवर आईशी बोलताना पुन्हा निसटलं,
"हो, आत्ताच जेवलो."
तिकडं थोडा वेळ काहीच नाही.
मग आई म्हणाली, "कोण बोलून राहिलं?"
"मीच."
मी जपून म्हटलं,
"जेवली, आई. जेवली मी."